उष्टावणाचे तांदूळ

गांधीधाम
२२ सप्टेंबर २०२४

ताई,

आणि वर तूच रुसून बसलीस. म्हणजे किडे तुझ्या पिंपात आणि तोंड वाकडं माझ्यावर. गणपतीत आलो तेव्हा तुझं धान्य मी फेकलं ते फेकलं, पुन्हा आलो तर पुन्हा फेकीन. रव्यात बोट घातलं तर जाळं तारेसारखं वर आलं, त्याला अळ्या लोंबत होत्या, आणि तू बोलतेस चाळून घेतला की होतो. कोणाला होतो? मला तरी अजून ओकारी येते.

फोन उचलत नाहीस. नंबर ब्लॉक केलास हे मुकुलभावोजींनी सांगितलं, ते पण हसत. म्हणून पत्र लिहितोय. सातवीनंतर एवढं सलग कधी लिहिलं नाय, अक्षराला हसू नको.

तुला वाटतं मी बाहेर राहून नखरे शिकलो. एकदा इथे येऊन बघ. आमच्या गोडाऊनमध्ये पोत्यांची थप्पी छपरापर्यंत. खालचं पोतं हाताला गरम लागतं, आजारी माणसाच्या कपाळासारखं. का, तर आत किडे एवढे की त्यांचीच गरमी. पोतं फाडलं की तांदूळ पडत नाय, चालत येतो. संध्याकाळी जमीन झाडतात. त्यात तांदूळ, मेलेले टोके किडे, उंदराच्या लेंड्या, हमालांचा गुटखा, सगळं आलं. ते फेकत नाय. चाळणीला लावतात आणि परत भरतात. ते कोण खातं हे मी विचारलेलं, तर मुकादम बोलला, तू नको खाऊस.

परवा अंघोळ करताना कानातून टोका निघाला. जिवंत. तेव्हापासून भात सोडलाय. बटाटे खातो. बटाट्यात किडा असला तर कापल्यावर दिसतो तरी.

आता मुद्द्याचं. सान्वीचं उष्टावण नोव्हेंबरात ना? मामा मी एकटाच. तिच्या तोंडात पहिला घास माझ्या हाताने जाणार. तर खीर कसल्या तांदळाची करणार ते आधी कळव. तुमच्या दिव्याच्या त्या खोलीत भिंत रडते, पाण्याची पिंपं आणि धान्याची पिंपं एकाला एक चिकटून. त्यातलं काय मी पोरीच्या तोंडात घालणार नाय. तांदूळ घ्यायला परवडत नसेल तर सरळ सांग, पाठवतो.

सूरज


दिवा
३ ऑक्टोबर २०२४

सूरज,

पत्र खालच्या किराणावाल्याकडे पडून होतं. पोस्टमन चौथा मजला चढत नाही. किराणावाल्याने ते साबणाच्या खोक्यावर ठेवलेलं, म्हणून तुझ्या किडेपुराणाला चंदनाचा वास येत होता.

नंबर ब्लॉकच राहू दे. फोनवर तू फक्त ओरडतोस. पत्रात निदान मला माझं वाक्य संपवता येतं.

तू किडे बघितलेस. तू हे नाही बघितलंस की सासूबाई समोर बसल्या होत्या. कोपरहून खास गौरीचा प्रसाद घेऊन आलेल्या. तू त्यांच्यासमोर पिंप उचललंस आणि मोरीत उलटं केलंस. त्यांनी नुसता पदर नाकाला लावला. तो पदर मला अजून दिसतो. दुसऱ्या दिवशी मोरी तुंबली. फुगलेले तांदूळ, गहू, सगळं वर आलं आणि मुकुल कोपरापर्यंत हात घालून काढत बसले. तू तोवर गाडीत झोपला असशील.

परवडत नाही असं तुला कोण बोललं? मुकुलचा घोडबंदर रोडच्या शोरूममधला पगार वेळेवर होतो. पावसात जाता-येता तीन गाड्या बदलून येतात, घरी येऊन धान्य निवडायला त्यांना वेळ नाही, आणि मला मांडीवर चार-पाच महिन्यांची पोर. लागले किडे. दिव्यात सगळ्यांकडे लागतात. तुझ्या पैशाचे तांदूळ नकोत.

उष्टावण २४ नोव्हेंबरला, रविवारी, कोपरला सासूबाईंच्या घरी. खिरीचे तांदूळ घरात आहेत. थोडेच आहेत, वेगळे ठेवलेत, त्या पिंपातले नाहीत. तू ये आणि घास भरव. बाकी चौकशी नको.

कान मात्र डॉक्टरला दाखव. ते वाचून मला जेवण गेलं नाही.

हेमांगी


गांधीधाम
१३ ऑक्टोबर २०२४

ताई,

कान दाखवला. डॉक्टर बोलला साफ आहे. मला अजून आत कोणीतरी चालल्यासारखं वाटतं.

वेगळे ठेवलेत म्हणजे निळा प्लास्टिकचा डबा ना? पाण्याच्या पिंपाच्या मागे, फडक्यात बांधलेला. मी तो पण उचललेला तेव्हा तू माझ्या हातातून हिसकावून घेतलास, नख लागलं माझ्या मनगटाला. मला वाटलं पैसे असतील आत, म्हणून मी सोडला. पण तो हलवल्यावर आतून आवाज कसा आला माहितीय? तांदळाचा खळखळ आवाज नाय. पीठ घसरल्यासारखा. म्हणजे दाणे आतून पोकळ करून पीठ खाली पाडलंय. आम्ही इथे पोत्यावर थाप मारून ओळखतो, त्यात अक्कल लागत नाय.

मला कळत नाय तू एवढी कंजूस कधी झालीस. मूठभर सडके तांदूळ वाचवून काय बंगला बांधणार आहेस? का सासूबाईंना दाखवायचंय की बघा, मी काय वाया घालवत नाय? पोरीचा पहिला घास आहे. तिला दात पण नाय आले. आपण निदान थुंकू शकतो, ती तेवढं पण करू शकत नाय, जे आत घालशील ते गिळणार.

दोन किलो तांदूळ आण दुकानातून. पाकीटवाला. आणि तो डबा फेक. माझ्यासमोर फेकायला लाज वाटत असेल तर मी नसताना फेक.

सूरज


दिवा
२२ ऑक्टोबर २०२४

सूरज,

हे पत्र वाचून झालं की फाड. मुकुलनाही मी यातलं काही सांगितलेलं नाही.

ते तांदूळ आईने दिलेत.

फेब्रुवारीत माझं डोहाळजेवण झालं, तेव्हाचे. लग्नाला सहा वर्षं झाल्यावर दिवस गेलेले, सासूबाईंनी हौसेने सगळ्यांना बोलावलं. कोपरच्या बायका, मुकुलच्या मावश्या, सगळ्यांनी ओटी भरली. आई गॅलरीत चपलांच्या बाजूला बसली होती. तिला कोणी तिकडे बस म्हटलं नाही, पण आत ये असंही कोणी म्हटलं नाही. बाबा गेल्यापासून तिला ते पाठच झालं होतं. मी पाटावर बसून सगळ्यांचे तांदूळ-नारळ पदरात घेत होते आणि मला फक्त तिच्या गुडघ्यावरची साडी दिसत होती.

सगळे गेल्यावर ती भांडी घासायला म्हणून थांबली. स्वयंपाकघराचं दार लोटलं आणि पदराची गाठ सोडली. तांदूळ बांधून आणले होते. माझी ओटी भरली आणि म्हणाली, “पोराला पहिला घास ह्याचा दे. मला काय तो दिवस दिसत नाय.”

मार्चमध्ये ती गेली. सान्वी मे महिन्यात झाली. आता सांग मला कंजूस.

बाकीच्या ओट्यांचे तांदूळ मी कधीच शिजवून संपवले. माझी ओटी ही एकच, असं मी मानते.

आणि तू समजतोस तेवढी मी घाणेरडी नाही. तू गेलास त्या दिवशी डबा उघडला. पोरकिडे होते, खोटं बोलत नाही. तुझं ओरडणं डोक्यात होतंच, म्हणून तांदूळ तीन-चार पाण्यांनी धुतले, चादरीवर पसरून पंख्याखाली वाळवले. बाहेर पाऊस, ऊन कुठून आणू? कोरडे लागले तेव्हा परत भरले. आता त्यात एकही किडा नाही. काही दाणे हिरवट-काळे झालेत, एकमेकांना चिकटलेत, तेवढे मी वेचून काढते. थोडा कुबट वास आहे. तुपावर भाजले की जाईल.

हेमांगी


गांधीधाम
३१ ऑक्टोबर २०२४

ताई,

पत्र पाण्याच्या टाकीवर बसून वाचलं. नंतर परत वाचलं. फाडलेलं नाय, पण कोणाला दाखवणार पण नाय.

आईचं मला माहीत नव्हतं. मी त्या दिवशी खाली टेम्पोतून खुर्च्या उतरवत होतो. वर येऊन श्रीखंड खाल्लं, दोनदा घेतलं, आणि ती चपलांजवळ बसलेली मला दिसली पण असेल, मला वाटलं हवा खाते. आता राग कोणावर काढू तेच समजत नाय. नंदाकाकू तुझ्या सासूबाई आहेत म्हणून जास्त लिहीत नाय.

पण तांदळाचं विचारशील तर नाय. हजार वेळा नाय.

किडे गेले म्हणून तू खूश आहेस. ते का गेले, तर आता त्यांना पण ते खाववत नसेल. किडा लागलेलं धान्य तरी धान्य असतं. तू जे सांगतेस, हिरवट, काळं, चिकटलेलं, ती बुरशी आहे. धुवायला मी सांगितलं नव्हतं. फेक बोललो होतो. धुतलेले तांदूळ दिव्याच्या हवेत पंख्याखाली वाळत नाय, वरून वाळतात, पोटात ओले राहतात. मग झाकण लावलंस. आत काय झालं असेल ते मला इथे बसून वासाने कळतं.

इथे असा मका आलेला, भिजलेला. पोतं फोडलं तर आतून राखेसारखा हिरवा धूर उडाला. सगळे खोकत बाहेर. तो मका बाजूला काढून ठेवला होता, फेकायचा म्हणून. आमच्यातला एक हमाल थोडा घेऊन गेला सासुरवाडीच्या कोंबड्यांना. बोलला, कोंबड्या काय, दगड पण पचवतात. कोंबड्या आधी खायच्या बंद झाल्या, मग मान टाकून बसल्या, मग मेल्या. त्याच्या सासूने एक कापून बघितली तर काळीज पिवळं आणि पिठासारखं. तो हे आम्हाला जेवताना सांगत होता, मी ताट सरकवलं.

रॉकी म्हणून आमचा सुपरवायझर आहे, आपल्याकडचाच, उत्तनचा. त्याला मी विचारलं, उकळून, भाजून जात असेल ना? तो बोलला, बुरशी मरते, तिचं विष मरत नाय. वेचून पण जात नाय, पांढऱ्या दिसणाऱ्या दाण्यात पण उतरलेलं असतं. आणि बोलला, असलं धान्य म्हशीला घातलं तर तिच्या दुधात येतं. मी त्याला सांगितलं नाय की मी कोणासाठी विचारतोय.

आता आईचं. आई डोंबिवलीत वाण्याकडे धान्य निवडायला जायची ते विसरलीस? मी शाळा बुडवून तिच्या बाजूला बसायचो. सुपात काळा दाणा दिसला की नखाने असा उडवायची, विंचू असल्यासारखा. वाणी बोलायचा, बाई, एवढं नको, वजन कमी होतं. ती ऐकायची नाय. तिने तुझ्या ओटीत घातले ते तांदूळ पांढरे होते, एक एक बघून आणलेले असणार. आता त्या डब्यात आहे ते आईने दिलेलं नाय. ते त्या भिंतीच्या ओलीने दिलंय.

मी घास भरवणार नाय. माझ्या हाताने ते पोरीच्या तोंडात जाणार नाय, मग तू आयुष्यभर बोलू नकोस. मामा म्हणून तुझ्या दिराला बसव.

सूरज

दिवाळी कसली यंदा आपल्याला. मुकादमाने सोनपापडीचा डबा दिला. उघडला नाय मी.


दिवा
९ नोव्हेंबर २०२४

सूरज,

तुझं पत्र वाचून मी एवढी चिडले की उत्तर न लिहिता डबाच उघडला. म्हटलं, हा कोण मला सांगणारा. ओटीचे तांदूळ जिची ओटी तिने खायचे असतात, हे सगळ्या बायकांना माहीत आहे. आधी मी खाईन, मला काही झालं नाही की याच्या तोंडावर मारीन आणि मग सान्वीला देईन.

मुकुल कामावर होते. सान्वी झोपलेली. फडकं सोडलं तर वास आला. आधी मी तो पिंपामागच्या भिंतीचा समजायचे. ओल्या गोणपाटात चप्पल गुंडाळून ठेवली तर येईल तसा. दाणे सुटे होईनात, बोटाने फोडले तर गाठ आतून मऊ लागली, लव असल्यासारखी. माझ्या बोटाला करडं लागलं. ते मी साडीला पुसलं आणि मग साडीकडे बघवेना. तरी मूठभर घेतले. धुतले तर पाणी राखाडी. भाजले तर वास गेला नाही, उलट घरभर झाला. गूळ घातला, दूध घातलं. खीर झाली, सूरज, पण तिचा रंग मला सांगता येत नाही.

पहिला घास आईचं नाव घेऊन खाल्ला. मला वाटलं होतं की तिची काहीतरी चव येईल. कडू लागला. गुळाच्या खालून कडू वर येतं, तसा. दुसरा जबरदस्तीने गिळला. तिसरा तोंडात फिरत राहिला, खाली जाईना. मी मोरीत जाऊन बसले आणि सगळं ओकले. तरी जिभेवरून तो वास जात नव्हता, पेस्टने घासली, मीठ लावलं.

हे सगळं ऐकून सान्वी उठली. रडायला लागली म्हणून मी सवयीने तिला अंगावर घेतलं. ती ओढायला लागली, आणि मला तुझी ती म्हशीची ओळ आठवली.

मी तिला ओढून बाजूला केली. एवढी जोरात, की ती आधी नुसती बघत राहिली. मग तिने जो आकांत केला, शेजारची मीराबाई धावत आली. तिने मेडिकलमधून दुधाची पावडर आणून दिली. का म्हणून विचारलं तर मी सांगितलं ताप आहे. खीर मी अजून पातेल्यातच झाकून ठेवली आहे, हातच लावता येत नाही.

तुझा नंबर मी चालू केलाय. पण हे मला फोनवर सांगता आलं नसतं.

डबा गॅलरीत ठेवलाय. फेकायला गेले होते, जिन्यापर्यंत. नाही होत. तू ये.

ताई


गांधीधाम
१५ नोव्हेंबर २०२४

ताई,

काल फोन केला तेव्हा तू हॅलो बोललीस आणि मी कापला. नेटवर्क गेलेलं नव्हतं. तोंडातून शिवी निघाली असती. म्हणून परत लिहितोय, स्पीड पोस्टने.

आधी डॉक्टर. तू आणि सान्वी दोघी. शिळं खाल्लं असं सांगू नको, बुरशीचे तांदूळ खाल्ले असं सरळ सांग. तांदळाचा एखादा दाणा पुडीत बांधून दाखवायला ने. रॉकीला मी आता खरं सांगितलं. तो बोलला, एकदा दोन घास खाऊन ओकून टाकले तर घाबरू नका, रोज थोडं थोडं पोटात गेलं की ते काळीज खातं. पण रॉकी डॉक्टर नाय. अंगावर कधी पाजायचं ते पण डॉक्टरलाच विचार, मीराबाईला नको. आणि मुकुलभावोजींना सांग. ते चिडणार नाय. ज्या माणसाने माझ्यासाठी मोरीत हात घातला तो तुझ्यावर कसला चिडतो.

खीर पातेल्यासकट बांधून ठेव. भांडं घासून परत वापरायचं नाय. गटारात ओतू नको, कबुतरांना घालू नको, त्यांनी काय केलंय. डबा उघडू नको. मी आल्यावर खाडीकडे जातो आणि खड्डा करून चुना टाकून पुरतो. डबा पण पुरणार. धुवून त्यात लोणचं भरशील, मी ओळखतो तुला. तुला बरोबर यायचं असेल तर ये, नाय तर मी एकटा जाईन. आईचा म्हणून नमस्कार पण करीन, पण नाकाला रुमाल बांधून.

मी इथून निघतो, वसईला उतरून दिव्याची गाडी पकडतो, उष्टावणाच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी घरी. मुकादम सुट्टी देत नव्हता. त्याला बोललो, मामा मी एकटाच आहे, तू येतोस का माझ्या जागी? रजेवर सही केली त्याने.

आता खीर. मी घास भरवणार. पण एक अट आहे. तांदूळ तू आण, पाकीट नको, सुटे आण, आणि रविवारी कोपरला सगळ्या बायका बसल्या असतील तेव्हा त्यांच्यामध्ये बसून सुपात निवड. नंदाकाकूंच्या समोर. कोणी विचारलं निवडलेले काय निवडतेस, तर सांग, आईची पद्धत आहे. मग आईचं नाव घेऊन तांदूळ पातेल्यात वैर, मोठ्याने, गॅलरीत बसलेल्याला पण ऐकू गेलं पाहिजे. स्वयंपाकघराचं दार उघडं ठेव. ओटीचं तू सांगणार नसशील तर मी सांगतो, की आईने माझ्या ताईची ओटी दार लावून भरली होती. कोणी पदर नाकाला लावला तर लावू दे.

मी खीर खाणार नाय, आग्रह करू नको. मला अजून भातात किड्यांचे पाय दिसतात. सान्वीला भरवीन, हात धुवीन, आणि बटाट्याची भाजी असेल तर ती खाईन.

भावोजींच्या नंबरवर पैसे टाकतोय. डॉक्टरचे, दुधाच्या पावडरचे, नव्या पातेल्याचे, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्याचे आणि तांदळाचे. मागच्या वेळेसारखं नको बोलू नकोस, परत आले तर मी परत टाकीन. सहा हजार चारशे.

सूरज